गायरान, जंगल आणि लोकल फंड : जोतीराव फुले यांनी मांडलेला जमिनीचा हिशेब

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेताच मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि जातिभेदाविरुद्धचा लढा डोळ्यांपुढे येतो. त्यांच्या कार्याची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वळत नाही. एखादी जमीन निसर्गासाठी राखून ठेवली तर तिच्यावाचून होणारे नुकसान कोणी सोसायचे, आणि गावाने भरलेला कर गावाला कोणत्या रूपाने परत मिळायचा, हे दोन प्रश्न त्यांनी १८८३ मध्येच एकत्र मांडले होते. अभयारण्ये, पाणथळ जागा आणि किनारे राखण्याच्या आजच्या वादांत हेच प्रश्न नव्या शब्दांत पुन्हा उभे राहतात.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. तेथून हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आणि पुढे पुण्यास आले. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. या सेवेबद्दल दुसऱ्या बाजीरावाने कुटुंबास पस्तीस एकर जमीन इनाम दिली होती. पण ती थोरल्या चुलत्याने आपल्याकडे ठेवली आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव यांना भाजीपाल्याच्या व्यापारावर संसार उभा करावा लागला. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिचा आकार कोण भरतो, यावर घराचे बरेवाईट कसे अवलंबून असते याचे उदाहरण त्यांच्या घरातच होते.

आई चिमणाबाई लवकर वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना आईच्या मायेने वाढविले. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी विवाह झाला आणि १८४१ पासून स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण सुरू झाले. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना, हा पुढचा क्रम सर्वपरिचित आहे.

त्या मानाने त्यांचे व्यावसायिक जीवन कमी परिचित आहे. जोतीराव बांधकामाचे कंत्राटदार होते. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले जात असताना त्यांनी तेथे दगड-चुन्यासारखे साहित्य पुरविले. सरकारी कामाचा पैसा कोठून येतो, अंदाजपत्रक कसे फुगते, मजुरांच्या हाती काय पडते आणि अभियंता व कारकून यांच्या साखळीत किती झिरपते, हे त्यांनी जवळून पाहिले. हडपसरजवळ मांजरी येथे त्यांनी स्वतः शेतीही केली. पाटाचे पाणी दाराशी आले असूनही शेतकऱ्यास ते वेळेवर का मिळत नाही, हे त्यांना बांधावर उभे राहून कळले होते.

१८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. करदात्यांचा पैसा कशावर खर्च व्हावा याबद्दल ते कठोर होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा ती रक्कम गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वापरावी अशी भूमिका घेऊन त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले.

आकार, उपकर आणि राखीव जंगल

जोतीरावांनी शेतीचा प्रश्न हाती घेतला तेव्हाची महसूल व्यवस्था समजून घेतल्याशिवाय त्यांचा युक्तिवाद उमगत नाही. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीनुसार जमिनीचा कस पाहून प्रत्येक शेताचा आकार ठरे आणि तो तीस वर्षे कायम राही. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ही मुदत संपू लागली. नव्या आकारणीने सारा वाढला आणि त्याच सुमारास कापसाचे चढे भाव खाली आले. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांमागे हे एक मोठे कारण होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पण त्याने आकारणीला हात लावला नाही.

या साऱ्यावर आणखी एक उपकर होता. जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई. १८६९ च्या कायद्याने त्यास पक्के रूप मिळाले. त्यातील दोन भाग रस्ते व तत्सम कामांकडे आणि एक भाग शिक्षणाकडे जाई. आजच्या भाषेत हा स्थानिक मालमत्ता कराचाच पूर्वज होय. पैसा गावाच्या नावाने गोळा होई; पण तो गावात परत येईल याची खात्री नसे.

याच काळात जंगल खात्याचा विस्तार झाला. मुंबई इलाख्यात जंगलांसाठी स्वतंत्र अधिकारी १८४७ मध्येच नेमला गेला होता. गोद्यांना आणि पुढे रेल्वेला सागवान हवे होते आणि बेसुमार तोडीमुळे डोंगर उघडे पडत होते. जंगल राखण्याची गरज खरी होती. १८७८ च्या भारतीय जंगल कायद्याने मात्र राखीव आणि संरक्षित जंगलांची आखणी वेगाने सुरू झाली आणि गावाच्या वापरातील डोंगर, दऱ्या, पडीक माळ त्या हद्दीत जाऊ लागले. शेतकऱ्यांची गुरे हद्दीत शिरली की कोंडवाडा आणि दंड ठरलेला.

‘शेतकऱ्याचा असूड’

या पार्श्वभूमीवर जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. १८ जुलै १८८३ रोजी तो पूर्ण झाला. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी त्याची प्रकरणे लोकांना वाचून दाखविली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही ती ऐकली. ‘दीनबंधू’ पत्रात पहिली दोन प्रकरणे छापल्यानंतर संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढची प्रकरणे घेतली नाहीत. सत्तेवर इतकी थेट टीका छापणे त्यांना धोक्याचे वाटले. पूर्ण ग्रंथ छापला गेला तो जोतीरावांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी.

जंगलाविषयी त्यांनी मांडलेला विचार असा. ज्या कुटुंबाची शेती थोडी आहे त्याचे पोट केवळ शेतावर भरत नसे. जवळच्या रानातील फळे, पाने, फुले, सरपण विकून आणि गायरानाच्या आधाराने एखाददुसरी गाय किंवा दोन शेळ्या पाळून ते आपल्या गावात टिकून राही. जंगल खात्याने डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायराने एकत्र करून हा आधार काढून घेतला. शेताचा सारा मात्र तेवढाच राहिला. करपात्र जमीन तीच, तिला जगविणारी बिनआकाराची जमीन गेली. म्हणजे कागदावर कर न वाढताही प्रत्यक्षात तो वाढला. जनावरे कमी झाली की शेणखत कमी, खत कमी की पीक कमी, आणि पीक कमी की त्याच साऱ्यासाठी कर्ज. महसूल खाते आणि जंगल खाते हे एकाच सरकारचे दोन हात. पण एक हात घेत असताना दुसऱ्याने काय घेतले याची नोंद कोणीच ठेवत नव्हते.

येथे थांबले असते तर जोतीराव जंगलविरोधी ठरले असते. पण त्यांच्या उपायांत जंगल टिकविण्याचीच व्यवस्था आहे. जंगलात सामील केलेली गायराने गावांना जशीच्या तशी परत द्यावीत, सरपण आणि भाताच्या राबासाठी लागणारे तेवढे घेऊ द्यावे, विकण्यासाठी इमारती लाकूड तोडण्यास मात्र कडक कायद्याने बंदी करावी, असे त्यांनी सुचविले. जंगल खात्याविषयी त्यांचे शब्द अतिशय तिखट आहेत. परंतु पोटासाठीचा वापर आणि बाजारासाठीची तोड यांत त्यांनी रेषा ओढली. जंगल शेळीमुळे संपते की सागवानाच्या ठेक्यामुळे, असा तो प्रश्न होता.

पाणी आणि मातीविषयीही त्यांची दृष्टी तशीच एकसंध आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतात उतरावे आणि मुरावे यासाठी जागोजाग ताली आणि लहान बंधारे बांधावेत, शांततेच्या काळात लष्कर आणि पोलिसांचे हात या कामी लावावेत, तलावांतील गाळ काढून शेतकऱ्यांना द्यावा, अशा सूचना त्यांनी केल्या. रानडुकरांनी पिकाची नासधूस केली तर तिची भरपाई सरकारने करावी, असेही ते म्हणतात. ज्याला रान राखायचे आहे त्याने रानातून होणारे नुकसान सोसावे, शेजारच्या शेतकऱ्यावर ढकलू नये, हे तत्त्व त्यात आहे.

कराच्या परताव्याबाबत त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. सरकारी तिजोरीचा मोठा भाग कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाकडे जातो, असे त्यांनी दाखविले. लोकल फंडातून प्राथमिक शिक्षणास अधिक वाटा मिळावा ही त्यांची मागणी याच हिशेबातून आली होती.

जंगलाविषयीची तक्रार एकट्या जोतीरावांची नव्हती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

शेवटची वर्षे

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि तेथे जमलेल्या श्रीमंत मंडळींच्या दागदागिन्यांवरून देशाची पारख करू नये, असे त्यांनी पाहुण्यांस बजावले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. काही आठवड्यांतच त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या योजनेत एक दुवा सैल राहिला, हेही नमूद करायला हवे. गायराने गावाला परत द्यायची तर गावात त्यांवर हुकमत कोणाची? भूमिहीनाच्या शेळीला तेथे पाटलाच्या बैलाइतकाच हक्क मिळेल काय? जातीची उतरंड इतकी स्पष्ट ओळखणाऱ्या जोतीरावांनी या ठिकाणी गावाच्या हाती कारभार देताना तपशील मांडला नाही. पुढच्या शतकात मराठवाड्यातील भूमिहीन दलितांना गायरानाच्या हक्कासाठी स्वतंत्र लढे द्यावे लागले.

तरीही मूळ प्रश्न त्यांनी अचूक पकडला होता आणि जग त्याच्या उत्तराकडे सावकाश येत आहे. अमेरिकेत संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवर स्थानिक मालमत्ता कर लागत नाही. त्यामुळे बुडणाऱ्या उत्पन्नाच्या बदल्यात काउंटींना रक्कम देणारा कायदा १९७६ मध्ये झाला. ब्राझीलच्या पाराना राज्याने १९९१ मध्ये विक्रीकराच्या वाटपात संरक्षित क्षेत्र बाळगणाऱ्या नगरपालिकांना अधिक वाटा देण्याची तरतूद केली. भारतात चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यात वनाच्छादनास साडेसात टक्के भार दिला आणि पंधराव्याने तो दहा टक्के केला. मात्र हा पैसा राज्याच्या तिजोरीत येतो. जंगलाशेजारच्या ग्रामपंचायतीपर्यंत तो पोहोचेलच असे नाही. लोकल फंडाची जुनी कथा येथे नव्याने वाचता येते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू विकण्याचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. राखणारे आणि उत्पन्न घेणारे हात एकच झाले, म्हणून तेथे रान आणि गावाची तिजोरी यांत वैर उरले नाही.

आखातात करांची रचना वेगळी आहे. बहरीनमध्ये जमिनीवर वार्षिक कर नाही. नगरपालिकेचे शुल्क येते ते घरभाड्यावर. पण कर नाही म्हणून प्रश्न मिटत नाही. पूर्व किनाऱ्यावरील अस्करसारख्या मासेमारीच्या जुन्या गावाशेजारी उद्योग उभे राहिले आणि देशाचा कचराही त्याच परिसरात येऊन पडतो. दुसरीकडे हवार बेटे आणि तुबली उपसागर १९९७ पासून रामसर पाणथळी म्हणून नोंदलेले आहेत. कोणता किनारा राखायचा आणि कोणता वापरायचा, हे ठरविताना किनाऱ्यावर जगणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हा जोतीरावांचा हिशेब येथेही लागू पडतो.

पुण्याची मध्यवर्ती भाजीमंडई आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. शेतातून आलेल्या मालाचा भाव तेथे रोज ठरतो. त्या शेतामागच्या डोंगराचा, गायरानाचा आणि राखलेल्या रानाचा भाव ठरविण्याचे काम मात्र अजून अपुरे आहे.