प्रयोग दाखवणारा शास्त्रज्ञ : मायकेल फॅरडे

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही विजेची घंटा किंवा छोटी मोटार तयार करता. घरी ती छान चालते. पण प्रदर्शनात पाहुणे समोर आले की जीभ अडखळते. कोठून सुरुवात करावी हेच सुचत नाही. त्यातून दुसऱ्या भाषेत बोलायचे असले तर भीती आणखी वाढते. मग उपकरण चांगले असूनही पाहुणे पुढे निघून जातात. तुमचे असे होत असेल, तर मायकेल फॅरडे यांचे चरित्र जरूर वाचा.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहारकाम करत. त्यांची प्रकृती नेहमी बिघडलेली असे. १८०१ साली धान्य फार महागले. तेव्हा लहान मायकेलच्या वाट्याला एकच पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळेत तो लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढेच शिकला. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला आणि पुढे तेथेच पुस्तकबांधणी शिकला.

बांधणीसाठी आलेली पुस्तके मायकेल वाचून काढी. विजेवरचा एक लेख वाचून त्याला प्रयोगांचा छंद लागला. पैसे नव्हते, पण हौस मोठी होती. १८१२ साली त्याने तांब्याची सात नाणी आणि जस्ताच्या सात चकत्या एकावर एक रचल्या. मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद ठेवले. झाली बॅटरी तयार!

त्याच वर्षी दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही या प्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने चार व्याख्याने ऐकली आणि त्यांची टिपणे आकृत्यांसह सुवाच्य अक्षरांत लिहिली. मग त्यांचे सुंदर पुस्तक बांधून ते डेव्ही यांनाच पाठवले. मार्च १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला साहाय्यकाची नोकरी मिळाली. विचार करा, त्याची पहिली शिफारस कोणी केली? नीटनेटके मांडलेल्या कामानेच!

इतरांच्या व्याख्यानांच्या वेळी उपकरणे मांडून देणे हे फॅरडे यांचे काम होते. ते करताना ते वक्त्यांचे बारीक निरीक्षण करत. वस्तू सर्वांना दिसतात का? वक्ता श्रोत्यांकडे पाठ फिरवतो का? सभागृहात हवा खेळती आहे का? आपली मते त्यांनी पत्रांतून एका मित्राला कळवली. एका तासापेक्षा लांब व्याख्यान त्यांना पसंत नव्हते.

दुसऱ्यांचे दोष पाहून ते थांबले नाहीत. आपल्यालाही बोलणे शिकले पाहिजे हे त्यांनी ओळखले. १८१८ साली ते वक्तृत्वाच्या वर्गाला जाऊ लागले. पुढे ते नामवंत झाले, तरी व्याख्यानाच्या वेळी समोर एक कार्ड ठेवत. त्यावर सावकाश बोलण्याची सूचना लिहिलेली असे.

१८२१ साली त्यांनी मोठा शोध लावला. विजेचा प्रवाह वाहणारी तार लोहचुंबकाभोवती फिरते, हे त्यांनी पाऱ्याच्या भांड्यात करून दाखवले. विजेच्या मोटारीची ही सुरुवात होती. (पारा विषारी असतो. तुम्ही हा प्रयोग करू नका.) हा शोध केवळ लिहून कळवणे त्यांना पुरेसे वाटले नाही. खिशात मावतील अशी छोटी उपकरणे बनवून त्यांनी ती दूरदूरच्या शास्त्रज्ञांना पाठवली. ज्याने त्याने ती तार आपल्या डोळ्यांनी फिरताना पाहावी, हा त्यांचा हेतू होता.

१८३१ साली लोहचुंबकाच्या साह्याने वीज निर्माण करता येते, हेही त्यांनी सिद्ध केले. आजची मोठी वीजकेंद्रे याच तत्त्वावर चालतात.

फॅरडे यांच्या पुढाकाराने १८२६ साली शुक्रवारची सायंकाळची व्याख्याने सुरू झाली. मुलांसाठी नाताळात होणारी व्याख्यानेही लोकप्रिय झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरडे यांनी ती १९ वेळा दिली. शेवटच्या मालेचा विषय होता साधी मेणबत्ती! श्रोत्यांना सगळे ठाऊक आहे असे ते कधीच धरून चालत नसत. हातातला दगड सोडला की खाली पडतो, एवढे सांगायचे असले तरी तो खरोखर सोडून दाखवावा, असे त्यांचे मत होते.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरडे यांचे निधन झाले. नाताळातील ती व्याख्याने मात्र आजही होतात.

मित्रांनो, लोहाराचा हा मुलगा जन्मतः उत्तम वक्ता नव्हता. जशी त्याने बॅटरी बनवली, तसेच बोलणेही मेहनतीने घडवले. तुम्हीही तसे करा. उपकरण सर्वांना दिसेल असे ठेवा. आधी चालवून दाखवा, मग समजावून सांगा. पाहुण्यांकडे तोंड करून सावकाश बोला. घरी भावंडांसमोर दोनतीनदा सराव करा. एखादा शब्द चुकला तरी घाबरू नका. तुमच्या हातचा दिवा लागला आणि तो का लागला हे समोरच्याला कळले, की तुमचे काम पूर्ण झाले.