श्रीशाहूछत्रपति व त्यांचे शिकारी चित्ते

करवीरचे राजर्षि शाहू छत्रपति यांचें नांव ज्याच्या कानांवर पडलें नाहीं, असा विद्यार्थी आपल्या परभणी जिल्ह्यांतहि विरळाच. त्यांच्या लोकोद्धाराच्या कार्याचा परिचय पाठ्यपुस्तकांतून होतोच. त्यांच्या चरित्राची एक कमी परिचित बाजू आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. १८८४ सालीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजकोट व धारवाड येथें शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजीं त्यांनीं राज्यकारभार हातीं घेतला. देह धिप्पाड, मन निर्भय. कुस्ती, घोडे, हत्ती आणि शिकार हे त्यांचे आवडते विषय. त्या काळीं शिकार हें क्षत्रियाचें भूषण समजलें जाई, आणि माळावरचें काळवीट शिकविलेल्या चित्त्याकडून धरविणें ही तर कोल्हापूरची विशेष ख्याति होती.

या शिकारीची रीत अशी. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवर बसवीत. गाडीला काळविटें बुजत नसत. कळप टप्प्यांत आला, कीं चित्तेवान टोपी काढून त्याला सोडी. मग कांहीं क्षणांचाच खेळ! चित्ता विजेसारखा धांवे आणि काळविटाचा गळा धरी. चित्तेवान शिकार सोडवून घेऊन त्याला त्याचा वांटा देई, आणि डोळ्यांवर पुन्हां टोपी चढे.

आतां हा चित्ता येई कोठून? घोडा, बैल, कुत्रा यांची पैदास माणूस आपल्या दारीं करितो. चित्त्याला मात्र बंदिवासांत पिलें होत नसत. अकबर बादशहापाशीं एके काळीं हजार चित्ते होते. नर व माद्या बागांत मोकळ्या सोडूनहि त्याचा मनोरथ सिद्धीस गेला नाहीं, आणि पुढें आपल्या कारकीर्दींत एका मादीला तीन पिलें झालीं, असें जहांगिरानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. शिवाय शिकारीची विद्या पिलूं रानांत आईपाशीं शिकतें. म्हणून वाढलेला चित्ताच पकडावा लागे. सारांश, दरबारांतल्या प्रत्येक चित्त्यामागें रानांतला एक चित्ता उणा होई, आणि त्याचा वंशहि तेथेंच खुंटे. रानें तुटलीं, बंदुका वाढल्या, हींहि कारणें होतींच. अखेर या देशांत चित्ते मिळेनासे झाले, तेव्हां १९१८ च्या सुमारापासून संस्थानिक ते आफ्रिकेंतून आणवूं लागले. त्यांत कोल्हापूर प्रमुख होतें.

याच महाराजांनीं १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेविल्या, १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि जन्मानेंच गुन्हेगार ठरविलेल्या जातींची रोजची हजेरी १९१८ सालीं बंद केली. ज्या फासेपारध्यांना कोणी उभें करीत नसे, त्यांना त्यांनीं आश्रय व काम दिलें. माणसाच्या पायांतल्या इतक्या बेड्या तोडणाऱ्या या थोर पुरुषाला चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी कां खुपली नाहीं, असा प्रश्न आमच्या मनांत येतो. त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाहीं. तो प्रश्न त्यांच्या काळानें विचारलाच नव्हता. आपल्या काळानें मात्र तो विचारिला पाहिजे.

महाराज ६ मे १९२२ रोजीं मुंबईस निवर्तले. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, १९४७ सालीं, कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले. तेच या देशांतले अखेरचे ठरले. १९५२ सालीं चित्ता येथून नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. २०२२ सालीं आफ्रिकेंतून चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीं.

कोणी म्हणेल, आज बंदिवासांतहि वन्य जनावरांची पैदास होते. मग शिकारीसाठीं तीं वाढविलीं तर रान कोठें उणें होतें? दक्षिण आफ्रिकेंत नेमकें हेंच झालें. तेथें कुंपणांत सिंह वाढवून, पैसे देणाऱ्या शिकाऱ्यापुढें उभे करण्याचा धंदा चालला, आणि २०२१ सालीं तेथील सरकारनेंच तो बंद करण्याचें धोरण जाहीर केलें. हिशेब जुळला तरी न्याय जुळत नाहीं. कोल्हापूरच्या काळविटाला निदान चार पाय आणि मोकळा माळ होता. कधीं तें निसटेहि. कुंपणांतल्या सिंहाला निसटण्यास वाटच नाहीं. मरण्यासाठींच ज्याला जन्माला घातलें, त्याच्यावर गोळी झाडण्यांत शौर्य तें कोणतें?

आपल्या जिल्ह्यांतल्या काळ्या रानांत आजहि काळविटांचे कळप दिसतात. ज्वारी-हरभऱ्याची नासाडी होते, शेतकऱ्याचें मन कळवळतें, हें आम्ही जाणतों. त्या नुकसानीची भरपाई शासनाकडे मागतां येते. ती अवश्य मागावी. परंतु फांसा लावणें किंवा पाडस धरून दारीं बांधणें हा १९७२ च्या कायद्यानें गुन्हा आहे. कोवळें पाडस घरीं आणण्याचा मोह मुलांना होतो. पालकांनीं तेव्हांच त्यांना या चित्त्यांची हकीकत सांगावी, आणि पाडस जेथें सांपडलें तेथेंच सोडून येण्यास लावावें. त्याची आई बहुधा जवळच उभी असते.