अट्ठावन्न दिवसांचा प्रवास : डॉ. आनंदीबाई जोशी



मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाने ते साधारण १५ ते १६ तासांत कापता येते. भूगोलाच्या तासाला हे आकडे आम्ही फळ्यावर लिहितो, तेव्हा आम्हाला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला. गोपाळरावांनी त्यांना शिकविले. बदलीच्या निमित्ताने हे कुटुंब काही काळ आपल्या शेजारच्या कोल्हापुरातही राहिले होते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, पण तो दहाच दिवस जगला. आपण डॉक्टर व्हायचेच, असा निश्चय या दुःखातून झाला.

७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. पती सोबत नव्हते. समुद्रप्रवास करणाऱ्या स्त्रीवर समाजाचा रोष होता. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, म्हणजे ५८ दिवस लागले! घरी पत्र पाठवून उत्तर यायचे, तर पुष्कळ आठवडे जात. थियोडिशिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंनी त्यांना मायेने आधार दिला. परदेशातील थंडी, आजारपण आणि शाकाहारामुळे होणारी अडचण सोसून त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिलांपैकी होत.

कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूक केली. आज हेच रुग्णालय सीपीआर म्हणून ओळखले जाते. निपाणी भागातील कितीतरी रुग्ण तेथे जातात. परंतु नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या, त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. सातासमुद्रांचे अंतर त्यांनी पार केले, पण पुणे ते कोल्हापूर हे शेवटचे अंतर मात्र राहून गेले. त्यांची रक्षा पुढे कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आली व न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे तिची समाधी झाली.

निपाणीहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर आहे. एस. टी.ने तासाभराचा रस्ता. तरीही दहावीनंतर मुलीला पुढे शिकवायचे म्हटले की, कॉलेज लांब पडते हे कारण दरवर्षी आमच्या कानावर येते. पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. बसची वेळ, पासचे पैसे, वसतिगृह या खऱ्या अडचणी आहेत. त्या घेऊन पालकांनी आमच्याकडे अवश्य यावे. विश्वस्त मंडळींनीही यात लक्ष घालावे, ही विनंती. दाखला हातात पडल्यावर आपली एकही मुलगी केवळ अंतरामुळे घरी बसू नये, एवढीच आमची इच्छा आहे.