धोतराच्या गाठीतला कर्करोग

लोणंदच्या एखाद्या रुग्णाच्या फुप्फुसातील गाठीचा तुकडा तपासायला जातो, तेव्हा आज दोन गोष्टी पाहतात. हा कर्करोग आहे का? आणि असला, तर त्याला वाढवणारे जनुक कोणते? यातल्या पहिल्या तपासणीला आपल्याकडे शिस्त लावणाऱ्यांत अग्रभागी होते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी घेऊन ते पुढे मुंबईत शिकवू लागले. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर ते थांबले नाहीत. रुग्ण कुठला, काय खातो, काय नेसतो, हेही त्यांनी विचारात घेतले. १९४५ मध्ये सूर्याबाईंसह लिहिलेल्या निबंधात त्यांनी तीन कर्करोग सवयींशी जोडून दाखवले. बिहारकडे चुना-तंबाखूची गोळी खालच्या ओठामागे धरतात, तिथे ओठाचा. आंध्रात चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात, तिथे टाळूचा. आणि तिसरा कमरेच्या कातडीचा, वर्षानुवर्षे धोतर आवळून नेसल्याने घासल्या जाणाऱ्या जागी! कर्करोग म्हणजे नशिबाचा भोग, असे मानण्याच्या काळात हे निदान फार मोलाचे होते. सवय सोडता येते.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते पहिले संचालक. १९५४ मध्ये पद्मभूषण, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. १९७८ मध्ये ते गेले.

दुसरा प्रश्न त्यांच्यानंतरचा. पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारे ‘ईजीएफआर’ नावाचे प्रथिन असते. त्याच्या जनुकात विशिष्ट बिघाड झाला की निरोप नसतानाही पेशी वाढत सुटते. हे जनुक किती जोरात चालते, यावरून आजार पुढे कसा वळेल याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न बरेच झाले. पण नुसत्या जोरावरचा अंदाज डळमळीत निघतो. बिघाड सापडणे मात्र कामाचे, कारण त्यावर गोळ्या आहेत. २००४ मध्ये हा संबंध स्पष्ट झाला. बिडी-सिगारेट कधीच न ओढलेल्यांत हा बिघाड अधिक आढळतो.

ही तपासणी बहुधा मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या त्याच तुकड्यावर होते. म्हणून रुग्णालय बदलताना कागदांबरोबर तो ठोकळाही मागून घ्यावा.