परवान्याचे मोल

वैमानिकाच्या परवान्यासाठी बुद्धीइतकीच पैशाचीही कसोटी लागते. शिकागोत नखे रंगवून पोट भरणाऱ्या बेसी कोलमन हिला तर अमेरिकेतील उड्डाणशाळांनी दारातूनच परत पाठविले; ती कृष्णवर्णीय होती, शिवाय स्त्री! वृत्तपत्रकार रॉबर्ट अ‍ॅबट यांच्या सल्ल्यावरून ती फ्रेंच शिकली, त्यांचे साह्य आणि स्वतःची बचत यांच्या बळावर १९२० मध्ये फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी तिने परवाना मिळविला. पुढे आपल्या समाजासाठी उड्डाणशाळा काढावी म्हणून विमानाच्या कसरती करून ती पैसा जमवीत राहिली. एका चित्रपटामुळे हा मार्ग सुकर झाला असता. परंतु त्यात फाटक्या वस्त्रांत वावरावयाचे होते, म्हणून तिने तो सोडला. हा नकार महाग पडला, तरी योग्यच होता. ३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे सरावाच्या वेळी विमानातून कोसळून तिचा अंत झाला. तिच्या नावाचा विमानोड्डाण क्लब १९२९ मध्ये लॉस एंजेलिस येथे निघाला.