बर्फातून वाट काढणारा यंत्रज्ञ

पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या अनेक पावसाळ्यांत आल्या आहेत. अशा वेळी रुग्णाला दवाखान्यात नेणे म्हणजे काय, हे गडचिरोलीकरांना सांगावे लागत नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात हीच कोंडी बर्फ करीत असे. त्याच्याशी आयुष्यभर झुंजलेले यंत्रज्ञ म्हणजे जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए.

त्यांचा जन्म 16 एप्रिल 1907 रोजी व्हॅलकूर येथे झाला. पंधराव्या वर्षी त्यांनी जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन व पंखा बसवून घसरगाडी बर्फावर पळवली. उघड्या पंख्याचा धोका ओळखून वडिलांनी ती मोडायला लावली. पुढे त्यांनी गॅरेज काढले. 1934 च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते. रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल दगावले.

या आघातानंतरही प्रयोग थांबले नाहीत. रबराचे आवरण असलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा, या रचनेचे पेटंट त्यांना 1937 मध्ये मिळाले. या गाड्यांतून डॉक्टर, टपाल व शाळकरी मुलांची ने-आण होऊ लागली. 1959 मध्ये हलकी ‘स्की-डू’ आली. 18 फेब्रुवारी 1964 रोजी त्यांचे निधन झाले.

स्नोमोबाइलमध्ये शक्ती पोचविण्यासाठी तेलात फिरणारी साखळी बरी की दातेरी पट्टा, हा वाद आजही रंगतो. साखळी दणकट, पण जड. तिचे तेल बदलावे लागते. पट्टा हलका आणि त्याला तेलही नको. गाडीने वाटेत दगा देऊ नये, ही कसोटी मात्र दोघांनाही सारखीच लागू आहे.