दोन वर्षांची पदवी

परवा न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. मुलीने कम्युनिटी कॉलेजात जनरल स्टडीजला नाव घातलं, हे सांगताना तिचा आवाज एकदम खाली गेला. दोन वर्षांची असोसिएट डिग्री, फी कमी, मग जमेल तेव्हा मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. यात लाजण्यासारखं काय, मला कळेना. मग दादा आठवले. आमचे वडील. ते इंटर आर्ट्स झाले आणि घरच्या ओढाताणीत नोकरीला लागले. कॉलेजची दोन वर्षं पदरात, पदवी नाही. अर्जातल्या शिक्षणाच्या रकान्यात 'इंटर' हा शब्द ते अगदी बारीक अक्षरात लिहीत.

या दोन वर्षांना अमेरिकेत मान मिळवून देणारा माणूस म्हणजे विल्यम रेनी हार्पर. गंमत अशी, की तो स्वतः मात्र कुठे अडलाच नाही. 1856 मध्ये ओहायोतल्या न्यू कॉनकॉर्ड या खेड्यात, लाकडी ओंडक्यांच्या घरात तो जन्मला. वडिलांचं दुकान होतं. दहाव्या वर्षी पोरगा गावच्याच कॉलेजात गेला, चौदाव्या वर्षी पदवीधर झाला आणि पदवीदान समारंभात भाषण केलं ते चक्क हिब्रूत! मग काही काळ दुकानात मदत केली आणि वयाची एकोणीस वर्षं भरण्याआधी येलची पीएच.डी. मिळवली. हिब्रूचं वेड पुढेही सुटलं नाही. वर्गात येऊ न शकणाऱ्यांना तो टपालाने हिब्रूचे धडे पाठवी.

रॉकफेलरच्या पैशाने उभ्या राहिलेल्या शिकागो विद्यापीठाचा तो 1891 मध्ये पहिला अध्यक्ष झाला. 1892 च्या ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने मधोमध तोडला आणि 1900 च्या सुमारास पहिला टप्पा पुरा करणाऱ्यांना असोसिएट ही पदवी देऊ केली.

इथे माझ्यातला जुना बँक ऑफिसर जागा होतो. हार्परचा हिशेब दुहेरी होता. ज्याला पुढे जायचं नाही किंवा झेपत नाही, त्याला मानाने थांबता यावं, ही एक बाजू. दुसरी अशी, की खालच्या दोन वर्षांचं ओझं शक्यतो बाहेर जावं आणि विद्यापीठाने संशोधनाकडे बघावं. म्हणजे हे दार आत घेण्यासाठी होतं की बाहेर काढण्यासाठी? मला वाटतं, दोन्हींसाठी.

शिकागोजवळच्या जोलिएट गावात हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांना त्याची कल्पना पटली. 1901 मध्ये त्यांच्या हायस्कुलातच कॉलेजचे वर्ग सुरू झाले. मुलांनी घरी राहून, घरचं खाऊन पहिली दोन वर्षं शिकावं, असा बेत. विद्यार्थी किती? सहा! तेच आजचं जोलिएट ज्युनिअर कॉलेज, अमेरिकेतलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज.

या रोपट्याचं झाड झालेलं हार्परने पाहिलं नाही. कॅन्सरने खंगत असतानाही त्याचं काम चालूच होतं. आमोस आणि होशेय या संदेष्ट्यांवरचं त्याचं जाडजूड भाष्य 1905 मध्ये छापून आलं आणि 10 जानेवारी 1906 रोजी तो गेला. वय अवघं एकोणपन्नास.

आपल्याकडे दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय 2020 च्या शैक्षणिक धोरणात आली. दादा तोवर राहिले नव्हते. भाचीला मी उलट फोन केला, नातीची पहिली परीक्षा कधी आहे ते विचारलं आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.